परमुलखातील खतावणी

आजोबांच्या जन्माचा दाखला शोधीत चर्चच्या नोंदवह्या आणि नागरी निबंधकांची दप्तरे पालथी घालणारे तरुण गोमंतकात आता कोणालाच नवे राहिलेले नाहीत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्याने तेथील नागरिकत्वाचा हक्कदार ठरतो, आणि त्याच्या नावाची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत झाली, की मुलानातवंडांचाही मार्ग मोकळा होतो. ह्या पासपोर्टावर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. कोणी त्यात राष्ट्रनिष्ठेचा प्रश्न पाहिला, कोणी बेकारीचा, तर कोणी इंग्लंडला जाण्याचे स्वस्त तिकीट. तो वाद आज आम्हांला उकरून काढायचा नाही. ज्याला जायचे आहे तो जाणारच. आम्हांला विचारायचे आहे ते त्यापुढचे. पासपोर्ट हाती आला, दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या गोदामात पेट्या उचलून झाल्या, चार पैसे गाठीला लागले, आणि मग मनात आले, की आता स्वतःचे लहानसे दुकान थाटावे, एखादी खानावळ काढावी. तर त्या दुकानाचा हिशेब कोण लिहिणार, आणि लिहिणाऱ्याला किती पैसे मोजावे लागणार?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. दुकान काढू पाहणारा माणूस जागेच्या भाड्याचा विचार करतो, मालाच्या भावाचा करतो, गिऱ्हाइकाचा करतो. हिशेबनिसाचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही, कारण आमच्याकडे तो शिवावा अशी परिस्थितीच नसते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणारी बाई सारा जमाखर्च बोटांवर करते. मडगावचा किरकोळ दुकानदार रात्री फळी लावल्यावर रोजकीर्द लिहितो आणि वर्षातून एकदा कागदांची पिशवी सी.ए.च्या कचेरीत नेऊन ठेवतो. हिशेब म्हणजे वर्षअखेरचे एक कंटाळवाणे काम, ही समजूत घेऊनच आमचा माणूस विमानात चढतो आणि परमुलखात तीच त्याला महागात पडते.

उदाहरणादाखल आम्ही पोर्तुगालच घेतो. तेथे जाणाऱ्या गोमंतकीयांची जात दुहेरी आहे. ज्याच्या हाती पोर्तुगीज पासपोर्ट आहे तो कायद्याने तेथला नागरिक. पण आजोबा अस्खलित पोर्तुगीज बोलत असले तरी नातवाला त्या भाषेतील साधी नोटीस वाचता येत नाही. कायद्याने नागरिक आणि भाषेने परका, अशी ही विचित्र अवस्था. दुसरा भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन गेलेला. तो दोन्ही अर्थांनी परका. करखात्याला मात्र ह्या भेदाशी फारसे कर्तव्य नसते. त्याला दिसतो तो मुक्काम. बारा महिन्यांच्या काळात १८३ दिवसांहून अधिक काळ माणूस पोर्तुगालमध्ये राहिला, की तो तेथला करदाता झाला आणि त्याच्या जगभरच्या मिळकतीवर त्या देशाची नजर गेली. मग पासपोर्टावर अशोकस्तंभ असो वा पोर्तुगालची ढाल असो.

पोर्तुगालमध्ये माणसाला पहिल्यांदा लागतो तो करदात्याचा नऊ आकडी क्रमांक. लोक त्याला ‘निफ’ म्हणतात. त्याच्याशिवाय बँकेत खाते नाही, भाड्याचा करार नाही, वीज नाही, टेलिफोन नाही. कॉफीच्या दुकानात पेला पुढे करतानाही पलीकडचा माणूस विचारतो, बिलावर तुमचा क्रमांक घालू का? ह्यामागे योजना आहे. २०१३ पासून प्रत्येक बिल सरकारच्या संगणकात जाऊ लागले, गिऱ्हाइकाला आपला क्रमांक सांगितल्याबद्दल करात थोडी सूट मिळू लागली, आणि २०१४ साली तर सरकारने बिलांची सोडतच काढली. बक्षीस काय, तर मोटारगाडी! दुकानदारावर पहारा ठेवण्यासाठी सरकारने गिऱ्हाइकालाच बिनपगारी निरीक्षक केले. युक्ती नामी खरी; पण काउंटरच्या पलीकडे बसलेल्या नवख्या परदेशी दुकानदाराच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच, की पाच युरोंचे बिलसुद्धा लपत नाही आणि चुकलेले बिल मुकाट्याने फाडून टाकता येत नाही. उलाढाल ठराविक मर्यादेबाहेर गेली, की बिले सरकारमान्य संगणक-प्रणालीतूनच काढावी लागतात आणि गेल्या महिन्याच्या बिलांची फाईल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पाठवावी लागते. त्या प्रणालीचे भाडेही दुकानदारानेच भरायचे.

आता धंदा सुरू करण्याचे दोन रस्ते आहेत. एक, स्वतःच्या नावावर. करखात्यात ‘काम सुरू केले’ अशी नोंद केली, की झाले. ह्या वाटेने जाणाऱ्यांच्या पावत्यांना पोर्तुगालमध्ये अजूनही ‘हिरव्या पावत्या’ म्हणतात. कागद हिरवा होता तो काळ जाऊन पावत्या संगणकावर आल्या, तरी नाव राहिले. वर्षाची उलाढाल २ लाख युरोंपर्यंत असेल तर अशा माणसाला सोपी पद्धत मिळते. सरकार त्याचा खरा खर्च विचारीतच नाही. माल विकणाऱ्या वा खानावळ चालवणाऱ्याच्या विक्रीपैकी १५ टक्के रक्कम नफा समजायची. वकील, अनुवादक, शिल्पज्ञ अशा व्यावसायिकांच्या बाबतीत ७५ टक्के. म्हणजे ४० हजार युरोंचा माल विकणाऱ्या किराणा दुकानदाराची करपात्र मिळकत ६ हजार युरो. कायद्याने त्याला हिशेबनीस ठेवण्याची सक्ती नाही. थोडी भाषा येत असेल आणि संगणकाची भीती नसेल, तर हा माणूस आपला हिशेब आपण लिहू शकतो.

मात्र येथे एक खड्डा आहे, आणि नवखे लोक त्यात हमखास पडतात. कर म्हणजे नुसता प्राप्तिकर नव्हे. सामाजिक सुरक्षेची वर्गणी हे प्रकरण त्याहून जड आहे. सेवा पुरवणाऱ्याच्या मिळकतीपैकी ७० टक्के धरून तिच्यावर २१.४ टक्के वर्गणी बसते. वर्षाला २० हजार युरो मिळवणाऱ्या अनुवादकाचे उदाहरण घ्या. १४ हजारांवर २१.४ टक्के म्हणजे २,९९६ युरो. स्वतःच्या नावावर दुकान चालवणाऱ्या व्यापाऱ्याची फक्त २० टक्के विक्री धरतात, पण दर २५.२ टक्के, म्हणजे वरच्या ४० हजार विक्रीच्या दुकानदाराला २,०१६ युरो. पहिल्यांदाच धंदा सुरू करणाऱ्याला पहिले बारा महिने ही वर्गणी माफ असते. सवलत चांगली, पण तिचा परिणाम असा होतो, की वर्षभर माणसाला वाटते आपले सारे सुरळीत चालले आहे. त्याच हिशेबाने तो घरी पैसे पाठवतो. आणि तेराव्या महिन्यात, हाताशी शिल्लक नसताना, सामाजिक सुरक्षेचे देणे दारात उभे राहते.

दुसरा रस्ता कंपनीचा. हा रस्ता दिसायला फार सुंदर आहे. २००५ साली पोर्तुगालने ‘तासाभरात कंपनी’ ही योजना सुरू केली. एका खिडकीशी जायचे, तयार नावांच्या यादीतून एक नाव निवडायचे, सह्या करायच्या आणि कंपनीचे कागद घेऊन बाहेर पडायचे. एकट्या माणसालाही कंपनी काढता येते आणि २०११ पासून भांडवल एक युरो असले तरी चालते. सल्ला देणारी मंडळीही हाच रस्ता दाखवतात. कंपनी म्हटली की जबाबदारी मर्यादित, कंपनी म्हटली की बँकेत मान, कंपनी म्हटली की कर कमी. ह्यातले प्रत्येक वाक्य थोडेफार खरे आहे. सांगायचे राहते ते एवढेच, की जी कंपनी तासाभरात जन्मते तिचा जमाखर्च जन्मभर ठेवावा लागतो, आणि तो तुम्ही स्वतः ठेवलेला चालत नाही. तेथील कायद्याप्रमाणे कंपनीला पूर्ण पद्धतशीर हिशेब ठेवावा लागतो आणि त्यावर प्रमाणित हिशेबनिसाची, म्हणजे हिशेबनिसांच्या अधिकृत मंडळाच्या सदस्याची, जबाबदारी असावी लागते. पोर्तुगालला ह्या विद्येचे कौतुक जुने आहे. मार्केस द पोंबालच्या अमदानीत, १७५९ साली, लिस्बनमध्ये व्यापाऱ्यांच्या मुलांना जमाखर्च शिकवणारी सरकारी शाळा निघाली होती. त्या कौतुकाचा आजचा खर्च लहान दुकानदार भरतो.

किती, ते आकड्यांनी पाहू. हिशेबनिसाचा मेहनताना शहराशहरांत आणि माणसामाणसांत बदलतो. तेव्हा समजा, महिना १५० युरो ठरले. वर्षाचे १,८०० झाले. दुकानाची विक्री ४० हजार आणि माल, भाडे, वीज वजा जाता हाती ८ हजार युरो राहतात असे धरू. मालकाने स्वतःचा पगार घेतलेला नाही असेही क्षणभर मानू. हिशेबनिसाचे १,८०० वजा झाले, ६,२०० उरले. लहान कंपनीच्या पहिल्या ५० हजार युरो नफ्यावर २०२५ सालचा दर १६ टक्के होता. म्हणजे नगरपालिकेचा किरकोळ अधिभार सोडला तर कर ९९२ युरो. हा आकडा वाचकांनी पुन्हा एकदा पाहावा. सरकारला ९९२ आणि सरकारला किती द्यायचे हे सांगणाऱ्याला १,८००! आता ह्याच रस्त्यावर दहापट मोठे दुकान आहे असे धरा. विक्री ४ लाख, शिल्लक ८० हजार. त्याचा हिशेबनीस दुप्पट पैसे घेत असला तरी ते ३,६०० होतात, म्हणजे शिलकेच्या साडेचार टक्के. लहान दुकानदाराच्या बाबतीत हेच प्रमाण साडेबावीस टक्के होते. कराचे दर ठरवताना सरकार लहानमोठा भेद करते, आणि ते योग्यच आहे; हिशेबाचा खर्च मात्र असा भेद करीत नाही. चार ओळींचा ताळेबंद आणि चारशे ओळींचा ताळेबंद ह्यांना तीच पत्रके, त्याच तारखा, त्याच सह्या लागतात.

ह्यात हिशेबनिसाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याच्यावरचा भार पाहिला तर मेहनताना अवाजवी म्हणवत नाही. मूल्यवर्धित कराचे, म्हणजे तिकडच्या ‘ईवा’चे, पत्रक लहान दुकानदाराने दर तीन महिन्यांनी भरायचे. मुख्य भूमीवर दर तीन: २३, १३ आणि ६ टक्के. तांदळावर ६, खानावळीतल्या जेवणावर १३, त्याच जेवणाबरोबर मागवलेल्या बिअरवर २३. सोरपोतेल आणि बिअर एकाच बिलावर आली, की बिलात दोन दर आले. हा जेवणावरचा दरही स्थिर नव्हता: २०१२ साली तो एकदम २३ केला, २०१६च्या जुलैत पुन्हा १३वर आणला. मदेरा आणि असोरिश बेटांवर दर निराळेच. शिवाय कंपनीच्या प्राप्तिकराचे वार्षिक पत्रक, त्यानंतर दीड महिन्याने हिशेबांचे सविस्तर निवेदन, नोकर असेल तर दर महिन्याचे पगारपत्रक. ह्यांतील काहीही विक्री शून्य असली तरी चुकत नाही. ‘धंदाच झाला नाही, मग पत्रक कसले?’ हा आमच्या माणसाचा आवडता प्रश्न. आणि त्याचे उत्तर १५० युरोंपासून सुरू होणाऱ्या दंडाच्या नोटिशीने येते. उन्हाळ्यात महिनाभर गावी, लग्नाला वा फेस्ताला, येऊन गेलेल्यांना ही नोटीस परतल्यावर दाराखाली सापडते.

आणि नोकर? मदतीला एक पोर ठेवावे असे कोणालाही वाटते. पोर्तुगालमध्ये वर्षाला चौदा पगार द्यावे लागतात, बारा महिन्यांचे बारा, एक रजेचा आणि एक नाताळचा. २०२५ सालचे किमान वेतन ८७० युरो होते; चौदा पगारांचे १२,१८० झाले. मालकाची सामाजिक सुरक्षेची वर्गणी २३.७५ टक्के, म्हणजे आणखी २,८९२ युरो आणि वर काही सेंट. अपघात-विम्याची सक्ती वेगळी. वर मांडलेल्या ८ हजार शिलकेच्या दुकानाला हा नोकर परवडणारच नाही, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. म्हणूनच लिस्बनच्या मार्तीं मोनीझ भागातल्या आणि तेथून निघणाऱ्या बेंफोर्मोझु रस्त्यावरच्या आशियाई दुकानांत घरचीच माणसे रात्री उशिरापर्यंत गल्ल्यावर बसलेली दिसतात. बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी अशी ती वस्ती. दीवहून मोझांबिकमार्गे, १९७५च्या आगेमागे, लिस्बनला पोहोचलेले गुजराती व्यापारी त्यांच्या आधीचे. ह्या दीववाल्यांना भाषा मोझांबिकमध्येच अवगत झाली होती, जमाखर्च तर पिढीजात होता. त्यांचा जम बसला ह्यात नवल नाही. आमच्या सासष्टी-बार्देशच्या आजच्या तरुणाजवळ ह्या दोन्हींतले काय आहे, ह्याचा त्याने निघण्यापूर्वी विचार करावा.

भाषेची किंमत कोणत्याही दरपत्रकात छापलेली नसते. करखात्याची पत्रे पोर्तुगीजमध्ये येतात आणि त्यांतली पोर्तुगीज ही कॉफीच्या दुकानातली पोर्तुगीज नव्हे. ज्याला ती वाचता येत नाही तो इंग्रजी बोलणारा हिशेबनीस शोधतो, आणि तसा माणूस हटकून जास्त पैसे घेतो. तेही न परवडणारा मध्यस्थाकडे जातो. हा मध्यस्थ आपल्याच बाजूचा, आपलीच बोली बोलणारा, ‘पात्रांव, तुम्ही काळजी करू नका’ असे म्हणणारा असतो. करखात्याच्या संकेतस्थळाचा गुप्त शब्द त्याच्याच खिशात. दुकानदाराला वाटते कागद भरले जात आहेत. ते भरले गेले नाहीत हे कळते तेव्हा कायदा मध्यस्थाला ओळखतसुद्धा नाही. येथेच ‘मर्यादित जबाबदारी’ ह्या शब्दांचा फुगाही फुटतो. कंपनीने भरायचा कर आणि वर्गणी कंपनीकडून वसूल झाली नाही, तर व्यवस्थापक म्हणून ज्याचे नाव नोंदले आहे त्याच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत वसुली पोहोचू शकते. एक युरो भांडवलाच्या कंपनीत व्यवस्थापक कोण असतो? तोच, गल्ल्यावर बसलेला. दुकान बंद करून, कंपनी रीतसर न मिटवता दुसऱ्या देशात निघून गेलेल्यांच्या मागे ही देणी वर्षानुवर्षे वाढत राहतात.

भारतीय पासपोर्टवर गेलेल्याचे संकट ह्याहून मोठे. त्याच्या दृष्टीने कराची पावती ही नुसती पावती नसते; ती त्याच्या राहण्याच्या परवान्याची किल्ली असते. परवान्याचे नूतनीकरण करताना करखाते आणि सामाजिक सुरक्षा ह्या दोहोंचे देणे फिटलेले असावे लागते. जून २०२४ पर्यंत एक सोय होती: देशात कायदेशीर प्रवेश केलेल्या माणसाने नोकरीचा करार किंवा स्वतंत्र धंद्याची नोंद दाखवून, वर्गण्या भरून, परवान्यासाठी अर्ज करायचा. हजारो दक्षिण आशियाई लोकांनी त्याच शिडीसाठी ‘काम सुरू केले’ अशी नोंद केली होती. ती सोय बंद झाली. परदेशी नागरिकांचे जुने खाते २०२३च्या ऑक्टोबरात मोडून त्याच्या जागी आयमा ही नवी यंत्रणा आली आणि तिच्याकडे जुन्या अर्जांचे ढीग वारशाने आले. अशा दिवसांत एका तिमाहीचे पत्रक राहिले म्हणून माणसाचा साऱ्या युरोपातला मुक्काम धोक्यात येतो. मेहनताना वाचवण्यासाठी हिशेबनीस सोडला, अशी बढाई कोणी मारीत असेल तर त्याने हा जुगार समजून खेळावा.

इंग्लंडशी तुलना करणे भाग आहे, कारण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोमंतकीयांपैकी पुष्कळांचे मुक्कामाचे ठिकाण लिस्बन नव्हते. ते स्विंडन आणि साउथॉल होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी ते दार बंद झाले. त्याआधी स्थिरावलेल्यांना तेथे लहान धंदा करणे हिशेबाच्या दृष्टीने सोपे आहे. मूल्यवर्धित कराची नोंदणी एप्रिल २०२४ पासून ९० हजार पौंडांच्या उलाढालीवर लागते. पोर्तुगालमध्ये २०२५ साली हीच मर्यादा १५ हजार युरो होती. शिवाय इंग्लंडात कंपनीलाही हिशेबनीस ठेवण्याची कायदेशीर सक्ती नाही. मात्र ३१ जानेवारीची तारीख चुकली, की देणे शून्य असले तरी १०० पौंड दंड ठरलेला. स्विंडनचे ऐकून लिस्बनला जाणारा आणि लिस्बनचे ऐकून स्विंडनला राहणारा, दोघेही फसतात. ऐकीव माहितीला सरहद्द ठाऊक नसते.

भारताच्या बाजूचाही एक कागद आहे, तो विसरून चालत नाही. तिकडे कंपनी काढून वर्षातला अर्ध्याहून अधिक काळ गोव्यातल्या घरी राहणारे लोक आहेत. १८२ दिवसांच्या नियमाने ते भारताचे रहिवासी ठरले, की परदेशातले बँक-खाते आणि कंपनीतला हिस्सा येथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्याने, न दाखवल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो; स्थावर वगळता एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला १ ऑक्टोबर २०२४ पासून ह्यातून सूट मिळाली, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट. एकाच मिळकतीवर दोनदा कर पडू नये म्हणून भारत-पोर्तुगाल करार १९९८ साली झालेला आहे. त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. रहिवासाचा दाखला मागावा लागतो, पत्रके भरावी लागतात, आणि मग येथे एक सी.ए. व तेथे एक हिशेबनीस असा दुहेरी खर्च येतो.

पण परदेशातल्या सरकारी कारभाराला नावे ठेवण्यापूर्वी आपल्याच किनाऱ्यावर काय चालले आहे तेही पाहावे. मोरजी-मांद्रे-हरमल पट्ट्यात धंदा करू पाहणाऱ्या रशियन वा इंग्रज माणसाची गोष्ट वेगळी नाही, किंबहुना अधिक कठीण आहे. एकट्याची कंपनी काढण्याची सोय आमच्या कायद्यात आहे, पण ती भारतीय नागरिकालाच. परदेशी माणसाला साध्या खासगी कंपनीसाठी दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, आणि त्यांपैकी एक संचालक भारतात १८२ दिवस राहणारा हवा. परकीय भांडवल घेऊन शेअर दिले, की तीस दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे पत्रक; दरवर्षी १५ जुलैपर्यंत परकीय देणी-मालमत्तेचे आणखी एक पत्रक. आणि लेखापरीक्षण! पोर्तुगालमध्ये लहान कंपनीला प्रमाणित हिशेबनीस लागतो, पण लेखापरीक्षक लागत नाही. भारतात वर्षभरात एक रुपयाची विक्री झाली नाही तरी खासगी कंपनीचे लेखापरीक्षण करावेच लागते. कंपनी निबंधकाकडची वार्षिक पत्रके उशिरा गेली, तर प्रत्येक पत्रकामागे दररोज १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. शिवाय नाना तऱ्हेचा माल विकणारे किरकोळ दुकान परकीय भांडवलावर काढायचे, तर किमान १० कोटी डॉलर्सची अट. किनाऱ्यावर कपडे विकू पाहणारा माणूस तेवढे कोठून आणणार? मग कागदावर नाव स्थानिकाचे आणि पैसा परदेशी माणसाचा, असा आडमार्ग निघतो. पुढे दोघांचे बिनसते आणि खटले उभे राहतात. अशा वेळी आपण सगळा दोष परदेशी माणसाला देतो. लिस्बनमधला आमचा माणूस मध्यस्थाच्या हाती का सापडतो हे ज्याला कळले, त्याला मोरजीतला रशियन आडमार्गाने का जातो हेही कळायला हरकत नसावी. त्याचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही.

मुक्तीपूर्व गोव्यात ‘फाझेंद’ म्हणजे सरकारी तिजोरीची कचेरी, आणि तिच्या पायऱ्या चढणे कोणालाच आवडत नसे. त्या राजवटीचे ओझे गोमंतकीयांनी झुगारले, आणि आज त्यांचीच नातवंडे लिस्बनच्या करकचेरीबाहेर क्रमांकाची चिठ्ठी घेऊन उभी असतात. इतिहासाचा हा उपरोध आम्हांला बोचतो, हे लपवण्याचे कारण नाही. पण बोचले म्हणून त्या मुलांना हिशेबात कच्चे ठेवून पाठवणे ही काही देशभक्ती नव्हे. गोव्याच्या वाणिज्य महाविद्यालयांतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात; दुहेरी नोंदीची पद्धत त्यांना चांगली येते. पोर्तुगीज शिकवण्याची सोय गोवा विद्यापीठात आहे, काही शाळांतही आहे. ह्या दोन वर्गांची कधी गाठच पडत नाही. बिल, वर्गणी, पत्रक, मुदत, दंड, थकबाकी एवढ्याच विषयांचे शंभर-दोनशे पोर्तुगीज शब्द आणि करखात्याची एक खरी नोटीस वाचण्याचा सराव, असा सहा आठवड्यांचा वर्ग काढायला कोणते मोठे भांडवल लागते? शिकवायला माणसेही मिळतील. लिस्बनमध्ये आयुष्य काढून परतलेले, तेथले ताळेबंद लिहिलेले वृद्ध गोमंतकीय अजून आपल्यात आहेत.

राज्य सरकारचे अनिवासी भारतीयांसाठी वेगळे खाते आहे. परदेशात कोणी मरण पावला, कोणी अडकला, की त्या कचेरीची आठवण होते. तिने मराठी, कोकणी आणि रोमी लिपीतील कोकणी अशा तिन्ही रूपांत एक पातळ पुस्तिका काढावी. नागरिकत्व कसे मिळवावे हे तीत नको, ते सांगणारे पुष्कळ आहेत. स्वतःच्या नावावर धंदा करावा की कंपनी काढावी, ह्याचा दहा ओळींचा हिशेब तीत हवा. हिशेबनिसाशी करार करताना काय लेखी घ्यावे, हे हवे: महिन्याचा मेहनताना किती, त्यात कोणकोणती पत्रके आली, नोकराचे पगारपत्रक त्यात धरले आहे की त्याचे वेगळे पैसे, तारीख चुकली तर दंड कोण भरणार, आणि करखात्याचा गुप्त शब्द कोणाजवळ राहणार. आणि शेवटच्या पानावर, भिंतीला चिकटवता यावे अशा मोठ्या अक्षरांत, वर्षभराच्या तारखा. दर महिन्याची ५ तारीख. दर तिमाहीनंतरच्या दुसऱ्या महिन्याची २० तारीख, ईवाच्या पत्रकासाठी. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर हे चार महिने, स्वतःच्या नावावर काम करणाऱ्याने सामाजिक सुरक्षेकडे मिळकत जाहीर करण्यासाठी. नियम बदलतात, म्हणून पुस्तिका दर जानेवारीत नव्याने छापावी लागेल. मोडावर डिसेंबर-जानेवारीत सुटीला आलेले लोक एप्रिलच्या आत परततात. तेवढ्या अवधीत ती त्यांच्या बॅगेत पडली पाहिजे.